शेपूचा ऊस

बबनरावांनी गोणी माझ्या दुकानात पालथी केली तेव्हा मला आधी रागच आला. लाल, पिवळ्या, काळ्या प्लास्टिकच्या विटा खळाखळा फरशीवर सांडल्या आणि बाकाखाली, मोटारींच्या सांगाड्यांमागं, जिथं माझा झाडू कधी पोचत नाही तिथपर्यंत गेल्या. विटांच्या जोडीला दातेरी चाकं होती, टोकाकडून अधिकच्या खुणेसारखे दिसणारे शाफ्ट होते, रबरी टायर आणि साखळीचे पट्टे होते. वायरी लावलेल्या चार छोट्या मोटारी होत्या आणि सेल घालायची एक डबी होती. बबनरावांचे नातू पुण्यात मोठे झाले, परदेशी गेले आणि त्यांचं हे खेळणं माळ्यावर पडून राहिलं होतं.

"मिस्तरी, यातून ऊस तोडायचं यंत्र जोडून द्या," बबनराव म्हणाले. "नुसतं दिसायला नको. चाललं पायजे आन् तोडलं पायजे."

"मी काय बालवाडी चालवतो का?" मी म्हणालो.

ते हसले. बबनराव आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याचे व्हाइस चेअरमन. कुणी काही बोललं की ते हसतात. निम्मा कारखाना त्यांनी या हसण्यावर चालवला आणि उरलेला निम्मा दुष्काळानं बंद पाडला.

माझं दुकान शिरूरला, बाजारतळाच्या मागच्या गल्लीत. तीस वर्षं मी पाणबुडी मोटारी भरतो, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळतो. बोअरला पाणी असलं की मोटारी चालतात, चालल्या की कधीतरी जळतात आणि जळाल्या की सत्तार मिस्तरीच्या घरी बरं कालवण होतं. सलग तिसऱ्या कोरड्या सालात मोटारी जळायच्याच थांबल्या. लोकांनी त्या बोअरमधून वर ओढल्या आणि गोणपाटात गुंडाळून घरात ठेवून दिल्या. मी तरीही रोज सकाळी शटर उघडायचो. शटर उघडलं नाही की माणूस आजारी आहे असं गल्ली समजते आणि चौकशीला येणाऱ्या प्रत्येकाला चहा पाजावा लागतो.

बबनरावांनी मग सगळं समजावून सांगितलं. दोन हंगाम बंद असलेला कारखाना यंदा सुरू करायचा होता. कालव्याखालच्या गावांत थोडाफार ऊस होता, तेवढा गाळायचा. तोडणीला यंत्रं घ्यायची असा ठराव वार्षिक सभेत मांडायचा होता. यंत्र विकणाऱ्या कंपनीची फिल्म दाखवायची होतीच, पण फिल्मवर आमच्या सभासदांचा विश्वास नाही. फिल्ममधलं रान कुणाचं, ऊस कुणाचा, असं विचारतात. टेबलावर, डोळ्यांसमोर काहीतरी चाललं पाहिजे, असं बबनरावांच्या मनानं घेतलं होतं. पुण्याच्या एका प्रदर्शनात त्यांनी अशाच विटांचा जेसीबी माती उचलताना बघितला होता.

"आन् हे बघा," ते आवाज बारीक करून म्हणाले, "यंत्रं आली की त्यांच्या देखभालीला माणूस लागनार. कायम. दुसऱ्या कुणाचं नाव माझ्या डोळ्यापुढं न्हाई."

मी गप्प बसलो. गप्प बसलो म्हणजे हो म्हणालो.

समोरच्या घरातली छबुबाई माझ्या पायरीवर बसून हे सगळं ऐकत होती. पायरी माझी असली तरी टँकरच्या दिवशी ती तिची असते, कारण कोपऱ्यावर वळणारा टँकर तिथून सगळ्यांच्या आधी दिसतो. छबुबाई आणि तिचा नवरा आश्रुबा मिळून एक कोयता. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी एक कोयता म्हणून मोजतात. पंचवीस हंगाम दोघं दसरा झाला की ट्रकात बसून निपाणीकडं जात आणि पाडव्याच्या पुढंमागं परत येत.

त्यांना एकच लेक, द्वारका. ती जन्मली निपाणीकडच्याच एका उसाच्या फडात, पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, शेजारच्या कोपीतल्या बाईच्या हाताखाली. पाचव्या दिवशी छबुबाई मोळ्या बांधायला उभी होती. आता द्वारकाला दिवस गेले होते आणि पौषात ती मोकळी होणार होती. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. पण माहेरच्या दाराला सहा महिने कुलूप असेल तर लेकीनं यायचं कुठं? छबुबाईला यंदा एवढंच हवं होतं, की पौषात आपलं दार उघडं असावं आणि आत आपण असावं. उठता बसता तिच्या तोंडात दुसरा विषय नव्हता.

"दादा, यंत्रं आल्यावर आमी काय करायचं?" तिनं बबनरावांना विचारलं.

"अगं, यंत्र फकस्त उभ्या उसाला," बबनराव म्हणाले. "लोळलेला ऊस यंत्राला उचलत न्हाई. कालव्याखाली निम्मा ऊस वाऱ्यानं आडवा झालाय. तो समदा आपल्या तालुक्याच्या टोळ्यांना द्यायचा. सकाळी कारखान्याच्या गाडीत बसायचं, सांजच्याला घरी."

"नक्की का?"

"ठरावातच लिवलंय."

छबुबाईनं त्या दिवशी दोन घागरी पाणी कमी मिळालं तरी टँकरवाल्याशी भांडण केलं नाही. संध्याकाळी तिनं हजराबीला, माझ्या बायकोला सांगितलं की पौषात तुमचा जुना पाळणा मला लागेल.

पहिले आठ दिवस मी विटांवर चिडूनच होतो. माझी बोटं तारेची, पान्याची. ते चिमुकले जोड दिसायचे नाहीत, दिसले तर बसायचे नाहीत आणि बसले तर निघायचे नाहीत. हजराबी दारातून बघून म्हणायची, "अजी, बस करो अब. आँखां जातीं तुमारीं." पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे खेळणं बनवणारा कोणी गाढव नव्हता. प्रत्येक वीट दुसऱ्या विटेत खट करून बसते आणि तिथंच राहते. छोटं दातेरी चाक मोठ्याला फिरवू लागलं की वेग जातो आणि ताकद येते, आमच्या ट्रॅक्टरच्या गिअरला असतं तसंच. मोटार अडकली की जळत नाही, आपली आपण थांबते. हे बघून तर मला हसू आलं. मोटारींनी आधीपासून असा शहाणपणा दाखवला असता तर माझ्या बापानं मला हा धंदा शिकवला नसता.

पंधरा दिवसांत यंत्र उभं राहिलं. खाली साखळीचे पट्टे, मागं सेलची डबी, पुढं जमिनीलगत दोन चकत्या. प्लास्टिकनं काही कापलं जात नाही म्हणून चकत्यांना दाढीच्या ब्लेडचे तुकडे बसवले आणि ते बसवताना दोन बोटं कापून घेतली. ऊस म्हणून काय लावायचं हा प्रश्न होता. बाजार उठल्यावर भाजीवाल्या चाँदकडं शेपूच्या सुकत आलेल्या जुड्या पडून असतात. शेपूची काडी मऊ, वर हिरवा तुरा, लांबून बघितलं तर उसाच्या शेंड्यावरच्या वाढ्यासारखा. मी एका फळीवर चिखल थापला, त्यात शेपूच्या काड्या रांगेत रोवल्या आणि बटण दाबलं. यंत्र घरघरत गेलं आणि रांग सपासप पडली. दुकानभर शेपूचा वास सुटला. मला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांत माझ्या हातून काही चालू झालं नव्हतं.

मी छबुबाईला हाक मारली. ती आली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि यंत्राकडं बघायच्या आधी तिनं फळीकडं बघितलं.

"हे काय लावलंय?"

"ऊस."

"असा ऊस? शाळंतली पोरं प्रार्थनेला उभी केल्यावानी?" ती म्हणाली. "सत्तारभाऊ, पंचवीस वर्सांत मी असा ऊस कुठं बघितला न्हाई. ह्यो तुमचा ऊस बघून लोक हसतील."

तिनं दुसरी फळी मागितली, चिखल स्वतः मळला आणि शेपू लावला. एक काडी डावीकडं कललेली, दुसरी तिच्यावर पडलेली, तिसरी बुडातून आडवी होऊन शेंड्याला परत वर आलेली. पाच मिनिटांत फळीवर खराखुरा फड तयार झाला. मी यंत्र सोडलं. ते त्या गुंत्यावर चढलं, शेपू शाफ्टभोवती गुंडाळला गेला, दाते कट्ट कट्ट वाजले आणि मोटार थांबली.

छबुबाई पोट धरून हसली. "म्हनलं न्हाई? लोळल्याल्याला हातच लागतो."

ती खूष होती आणि का खूष होती ते मला कळत होतं. तिचा निम्मा ऊस तिच्याकडं शाबूत होता. तिथंच मी शेपू झाडून टाकायला हवा होता. पण तीस वर्षं लोकांनी माझ्यासमोर ज्या मोटारी आणून टाकल्या त्या सगळ्या दुसऱ्या कुणीतरी 'होत नाही' म्हणून परत पाठवलेल्या. 'होत नाही' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मला ते मुकाट्यानं सहन होत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि त्याचा मला आजवर काही फायदा झालेला नाही.

मी कामाला लागलो. यंत्राच्या पुढं दोन सोंडा लावल्या, त्या काड्यांना चिरडत गेल्या. सोंडांचा उतार कमी केला, त्या चिखलात घुसल्या. छबुबाई रोज टँकरच्या वेळेला यायची, माझी फजिती बघायची आणि हसून जायची. चार दिवस हसली. पाचव्या दिवशी तिनं घागर खाली ठेवली.

"असं न्हाई वं," ती वैतागून म्हणाली. "नुसतं पुढं काय रेटता? डावा हात काय करतो ते बघा."

तिनं माझी लोखंडी पट्टी कोयत्यासारखी उजव्या हातात धरली आणि डाव्या हातानं दाखवलं. आडव्या उसाच्या खाली हात घालायचा, वर उचलायचा आणि उचलता उचलता आपल्याकडं वळवून घ्यायचा. मग बुडाशी, अगदी मातीलगत घाव घालायचा. वर उचलणं आणि वळवणं एकाच दमात. तिनं चार वेळा दाखवलं. तिचं मनगट फिरत होतं ते मी बघत राहिलो आणि मला यंत्र दिसलं.

फिरणारा पिळाचा दांडा हवा होता. तसा तुकडा गोणीत नव्हता. मी शाफ्टवर लहान लहान दांड्यांचे तुकडे ओवले, प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा पाव फेरा पुढं वळवून. एकामागं एक बारा तुकडे ओवल्यावर त्याला पीळ आला. असे दोन पीळ केले आणि दोन सारखी दातेरी चाकं एकमेकांत अडकवून ते उलटसुलट फिरतील असे जोडले. छबुबाई शेजारी बसून तुकडे निवडून देत होती. तिला गिअर म्हणता येत नव्हतं, तरी बारा दात्यांचं कुठलं आणि वीस दात्यांचं कुठलं हे माझ्या आधी तिला दिसायचं. पीळ फार जोरात फिरले की शेपू तुटायचा, हळू फिरले की निसटायचा. "आता घाई झाली त्याला," असं ती म्हणायची, "आता झोपला," असं म्हणायची आणि मी चाकं बदलायचो. चांगले अठरा दिवस गेले. टँकरच्या रांगेत तिची घागर दुसऱ्या बायका पुढं सरकवायच्या.

एका दुपारी ते जमलं. यंत्र गुंत्यात शिरलं, पीळ काड्यांच्या खाली गेला, काडी वर उठली, आत वळली आणि मातीलगत कापली गेली. मग दुसरी. मग ती बुडातून आडवी झालेली तिसरी.

"बया! उचललं की वं!" छबुबाई ओरडली आणि तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. मग लगेच जीभ चावली. हजराबी बाहेर आली, तिनं टँकरच्या पाण्याचा चहा केला, साखर जास्त टाकली. शेपू संपेपर्यंत आम्ही अकरा वेळा ते यंत्र चालवलं. तीन म्हातारी माणसं एका खेळण्याभोवती बसून लहान पोरांसारखी किंचाळत होती आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

हात धुताना माझ्या लक्षात आलं. हे सभेत दिसलं तर लोळलेला ऊसही यंत्राचा.

मी दारात येऊन बघितलं. छबुबाई तिच्या ओट्यावर बसून द्वारकासाठी जुन्या लुगड्याची दुपटी शिवत होती. मी जाऊन एक वाक्य बोलायला हवं होतं: छबुबाई, हे आपण कुणाला दाखवायचं नाही. ती शहाणी बाई, तिला पुढचं सांगावं लागलं नसतं. पण ती इतक्या आनंदात होती की तो मोडायला मी धजलो नाही असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. बोलायचा, समजावायचा, कुणाचं तोंड उतरलेलं बघायचा. दुष्काळात माणसाला पाण्याइतकाच बोलण्याचाही तुटवडा होतो. मी ठरवलं की सभेत फक्त उभ्या शेपूची फळी न्यायची आणि विषय संपवायचा. पीळ काढून टाकणं त्याहून सोपं होतं. मी दोनदा ते उचकटायला स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. इतकं चांगलं बसलेलं काम खोलायला हात वळला नाही.

सभा कारखान्याच्या आवारात होती. पत्र्याच्या मांडवात चार-पाचशे सभासद, पुढं सतरंज्या, मागं खुर्च्या, एका बाजूला बायका. धुरांड्यावर कावळे बसले होते. अहवाल वाचून झाला, फिल्म झाली, लोकांनी जांभया दिल्या. मग बबनरावांनी मला टेबलापाशी बोलावलं. मी उभ्या शेपूची फळी ठेवली आणि बटण दाबलं. यंत्र गेलं, रांग पडली. लोक उठून उभे राहिले, मागचे पुढं आले, हशा झाला, टाळ्या झाल्या. बबनरावांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझी कायम नोकरी समोर दिसली.

तेवढ्यात कालव्याकाठचा उत्तरेश्वर उठला. म्हातारा, जुना सभासद, फेटा डोक्यापेक्षा मोठा. "उभ्याचं झालं," तो म्हणाला. "माजा समदा ऊस आडवा हाय. त्याचं काय?"

"त्याला टोळ्या हायेत," बबनराव म्हणाले. "ठरावात लिवलंय. यंत्र लोळलेला उचलत न्हाई."

"मग पुढं ते सोंडंवानी काय लावलंय? मिस्तरीला बोलू द्या. मिस्तरी, उचलतं का न्हाई?"

माइक माझ्यापुढं आला. मी उत्तरेश्वरच्या फेट्याकडं बघून म्हणालो, "न्हाई. ते नुसतं दिसायला हाय. लोळलेल्याला माणसंच लागतात."

"अवो सत्तारभाऊ!"

आवाज बायकांच्या बाजूनं आला. छबुबाई गर्दीतून वाट काढत येत होती आणि तिच्या डोक्यावर ती दुसरी फळी होती. सकाळी मला न्यायला आलेली कारखान्याची जीप गेल्यावर तिला दुकानात बाकाखाली ती फळी दिसली होती. मी विसरलो असं समजून तिनं ताजा शेपू आणून लावला, फळी मांडीवर घेऊन काळीपिवळी जीपमधून वीस किलोमीटर आली आणि वाटेत चिखल वाळू नये म्हणून स्वतःच्या बाटलीतलं प्यायचं पाणी त्यावर शिंपडत राहिली. हे सगळं मला नंतर तिच्याबरोबर आलेल्या मंजुळाबाईनं सांगितलं.

"असं कावून म्हनता?" ती म्हणाली. "उचलतंय की! अकरा येळा उचललं. फळी इसरून आलतात तुमी."

मी तिच्याकडं बघून नको म्हणून मान हलवली. ती हसली. तिला वाटलं मिस्तरी एवढ्या लोकांसमोर बुजला. तिनं फळी टेबलावर ठेवली, दोन पडलेल्या काड्या पुन्हा नीट आडव्या केल्या आणि बाजूला झाली.

सेल संपले असं मला म्हणता आलं असतं. वायर ओढून तोडता आली असती, ते तर माझ्या हातचा मळ. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात आल्या. आणि मी बटण दाबलं. का दाबलं ते आज लिहितो, तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. ते यंत्र चालताना लोकांनी बघावं असं मला वाटत होतं. उभ्या शेपूवरच्या टाळ्या मला पुरल्या नव्हत्या.

यंत्र गुंत्यात शिरलं. काडी उठली, वळली, कापली गेली. एकही अडकली नाही. मांडवात जो गलका झाला तसा मी निवडणुकीतही ऐकला नाही. उत्तरेश्वरनं फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाला, "आमच्या डाव्या हाताचं काम हाय हे!" कंपनीचा माणूस घाईनं उठला आणि त्यानं सांगितलं की त्यांच्या नव्या यंत्राला अशीच फिरकी बसवून मिळते, फक्त आधी सांगावं लागतं.

बबनरावांनी माइक घेतला. ते हसत होते. "मग आता दोन दोन व्यवस्था कशाला?" ते म्हणाले. "टोळ्यांचा मजकूर वगळून ठराव मांडतो. समद्यांना मंजूर?"

"मंजूर! मंजूर!"

छबुबाई टाळ्या वाजवत होती. तिचे हात मध्येच थांबले. तिनं आधी बबनरावांकडं बघितलं, मग टेबलावरच्या यंत्राकडं आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडं. मी तिच्यासमोर मान का हलवली होती ते तिला तेव्हा कळलं. तिनं हात पदराखाली घेतले आणि ती बायकांत जाऊन बसली. फळी तिथंच राहिली.

लोक मला म्हणतात की मिस्तरी, तुमच्या खेळण्यानं काही झालं नाही, टोळ्यांचा मजकूर आज ना उद्या गेलाच असता. गेला असता. पण पौषाच्या नंतर गेला असता तरी चाललं असतं.

आठ दिवसांत मला कारखान्याचं पत्र आलं. मी रुजू झालो. न होऊन काय करणार होतो? हजराबीनं पत्र वाचून घेतलं, कपाटात ठेवलं आणि त्या दिवशी माझ्या चहात साखर टाकली नाही. यंत्र बबनरावांनी काचेच्या पेटीत घालून कार्यालयात ठेवलं आहे. मी त्या दारानं जात नाही, मागच्यानं जातो.

दसरा झाला आणि चौथ्या दिवशी सकाळी निपाणीचा ट्रक गल्लीच्या तोंडाशी लागला. आश्रुबा पत्रे, सरपण, पिठाचे डबे वर चढवत होता. छबुबाई दाराला कुलूप लावत होती आणि तिच्या मागं द्वारका उभी होती, सातवा महिना भरत आलेला, एका हातात दुपट्यांचं गाठोडं. मी हजराबीला घेऊन रस्ता ओलांडला. गेला महिनाभर मी तो ओलांडला नव्हता.

"पोरीला कुठं नेता?" हजराबी म्हणाली. "आमच्यापाशी ठिवा. मी करते बाळंतपण. माझी चार झालीत, कळतं मला."

छबुबाईनं किल्ली कनवटीला खोचली. "तुमी कराल, भाबी. मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तिच्या सासरचे बी तोडीला निघालेत, तितंबी कुनी न्हाई. पन पैली खेप हाय. कळा आल्या की आईला हाक मारनार ती. मी कर्नाटकात आन् ती हितं, कसं व्हावं? येऊ द्या माझ्यासंगं. कोपीवर का होईना, माझ्या हाताखाली तर असंल."

हजराबीनं पदर डोळ्यांना लावला. मला काहीतरी बोलायचं होतं. महिनाभर घोळवलेलं होतं, ते सगळं विसरलो.

"छबुबाई, मी तुमाला आधी सांगायला पायजे होतं."

"व्हय," ती म्हणाली. "पायजे होतं."

ती रागानं म्हणाली नाही. घागर गळते असं सांगावं तशी म्हणाली आणि ते रागापेक्षा वाईट लागलं. आश्रुबानं वरून हाक मारली. दोघांनी मिळून द्वारकाला हळूहळू वर चढवलं, पाचटाच्या गादीवर बसवलं. मग छबुबाईनं ट्रकाच्या फळकुटावर पाय ठेवला आणि तशीच थांबली.

"माझी बी चूक हाय, सत्तारभाऊ," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "लई चांगलं झालतं ते. आपन दोघांनी केलतं आन् तुमी लोकांपुढं त्याला न्हाई म्हनलात. मला गप बसवलंच न्हाई."